डार्लाचे कान आणि माझा स्मोकर

४ मार्च २०१८, रविवार

नवीन सीझन, नवीन वही. गेल्या वर्षी काय चुकलं ते डोक्यात ठेवलं आणि विसरलो. या वर्षी सगळं लिहून ठेवणार. लाकूड कुठलं, वारा कुठला, मांस किती वेळ, नंबर कितवा. वही गॅरेजमधल्या वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे. कोणी वाचायचा प्रश्न नाही.

ठराव. या वर्षी फक्त चार बार्बेक्यू स्पर्धा. गेल्या वर्षी नऊ झाल्या, पण त्यातल्या दोन टीममधल्या हॉयटच्या आग्रहामुळे, म्हणजे खऱ्या सातच. खर्च आटोक्यात ठेवायचा. आणि डार्लाच्या कानांच्या पैशांना हात लावायचा नाही.

कानांचं नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर राहील. बायको बावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतेय. साडेतीनशे पोरांचं जेवण, आणि पाठीमागे भांडी धुण्याचं ते यंत्र दिवसभर घरघरत असतं. त्याने तिचे कान गेले. पूर्ण नाही. समोर उभं राहून बोललं, ती तोंडाकडे बघत असली, तर निम्मंअधिक कळतं. जानेवारीत कानांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हीकडे मशीन लागेल. ४,६०० डॉलर. विमा एक पैसा देत नाही. डार्लाने अडीच वर्षं पगारातून बाजूला टाकून तेवढे जमवलेत. जूनमध्ये शाळा सुटली की घ्यायचं ठरलंय.

खातं दोघांच्या नावावर आहे. घरातला कॉम्प्युटर मी बघतो. पैसे अगदी सुरक्षित आहेत.

१७ मार्च, शनिवार

जुन्या स्मोकरचं, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीचं, दार फाकलंय. आत धूर कमी, बाहेर जास्त. हॉयट बघायला आला होता. (हॉयट प्लंबर आहे. आमच्या टीममध्ये आम्ही दोघंच. मी मांस बघतो, तो बिअर.) म्हणाला, “लायल, हा स्मोकर नाही, चाळण आहे. यात तू वीतभर मांससुद्धा धड शिजवणार नाहीस.”

त्याच्या ओळखीचा एक जण वापरलेला स्मोकर विकतोय. उभा, कपाटासारखा, जाड पत्र्याचा. कोळसा वरून आपोआप खाली सरकतो. ३,८०० डॉलर. नव्याचे सहा हजार पडतात, म्हणजे सरळ सरळ बावीसशे वाचतात.

विचार करायला वेळ मागितला. सोमवारपर्यंत.

१९ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

डार्लाला सांगितलं. ती सिंकपाशी होती, पाठ माझ्याकडे, नळ सुरू. मी दारातून अगदी स्पष्ट म्हणालो, “डार्ला, कानांच्या खात्यातून थोडे दिवस उसने घेतोय, स्मोकरसाठी.” तिने हरकत घेतली नाही.

मग नळ बंद करून वळली. “काही म्हणालास?”

म्हटलं, सूप छान झालं होतं.

पण सांगितलं, ही गोष्ट खरी आहे.

२४ मार्च, शनिवार

स्मोकर आला. काय वस्तू आहे! दार लागताना बँकेच्या तिजोरीसारखा आवाज येतो. डार्ला अंगणात आली, हात पुसत चहूबाजूंनी बघितलं, विचारलं, कोणाचा? म्हटलं, हॉयटचा, आपल्याकडे ठेवलाय. निम्मं खरं आहे. ट्रेलरवर चढवायला हॉयट होताच.

ती म्हणाली, “हॉयटच्या बायकोला माहितीय का पण?” आणि हसली.

ताट अर्धं टाकून उठलो. बहुतेक कोळशाची धूळ गेली असावी.

१५ एप्रिल, रविवार

पहिली स्पर्धा काल झाली. एक्केचाळीस टीम. आम्ही सत्ताविसावे.

कारणं. वारा वायव्येकडून होता आणि स्मोकर नवा. शिवाय आमच्या शेजारच्या टीमने इतका मोठा तंबू ठोकला होता की आमच्यावर दिवसभर सावली. कोंबडीच्या तंगड्यांना ऊन लागतं असं कुठे लिहिलेलं नाही, पण मला पक्कं वाटतं.

खर्च: प्रवेश फी तीनशे. ब्रिस्केट दोन, कारण एक बिघडला तर दुसरा हवा. बैलाच्या छातीचा तो तुकडा साधा चालत नाही, चरबीच्या नक्षीवाला लागतो, एकाचे एकशे ऐंशी. डुकराचे खांदे दोन. बरगड्यांच्या सहा फळ्या. कोंबडीच्या चोवीस तंगड्या, त्यातल्या दिसायला सारख्या अशा सहाच तंगड्या जजेससाठीच्या डब्यात जातात. बाकी मी आणि हॉयटने उभ्या उभ्या खाल्ल्या. डब्यात खाली अंथरायला कोथिंबिरीसारखी कुरळी पानं, चोवीस डॉलरची. पानं जज खात नाहीत.

हे सगळं सहा जजेससाठी. प्रत्येक जज प्रत्येक डब्यातला एक घास घेतो आणि पुढच्याकडे वळतो. एक घास केवढ्याला पडला ते काढायला घेतलं होतं. अर्ध्यावर थांबलो. छंदाचा हिशोब कोणी करत नाही.

घरी आलो तर डार्ला शाळेचा पुढच्या आठवड्याचा मेन्यू लिहीत बसली होती. एका पोराच्या ताटाला शाळा एक डॉलर पस्तीस सेंट देते, त्यात दूधही आलं. म्हणाली, सफरचंदं महागलीत, आता अर्धं अर्धं द्यावं लागेल.

मी अंघोळीला गेलो.

२१ मे, सोमवार

गार्लंडचा दोन दिवसांचा वर्ग करून आलो. गार्लंड म्हणजे सलग तीन वर्षं आमच्या राज्याचा चॅम्पियन. फी साडेसातशे. जेवण त्यात धरलेलं होतं, म्हणजे फी तशी कमीच.

डोळे उघडले. इतकी वर्षं मी कोंबडीला कोंबडीसारखं वागवत होतो. गार्लंड म्हणतो, जजला कोंबडी नको असते, पहिल्या चाव्यात धक्का हवा असतो. तंगडीची कातडी सोलून काढायची, आतून सुरीने चरबी खरवडायची, पुन्हा पांघरायची, आणि मग अख्खी तंगडी लोण्यात बुडवून दीड तास. मांसात सुईने रस टोचायचा. एका माणसाने विचारलं, घरीसुद्धा असंच करता का? गार्लंड म्हणाला, “घरी बायको पिझ्झा मागवते.”

कानांच्या खात्यात आता थोडेच उरलेत. पण डार्ला अजून दर पंधरवड्याला साठ डॉलर टाकतेच आहे, म्हणजे खातं भरत चाललंय. दिशा चांगली आहे.

८ जून, शुक्रवार

शाळा सुटली. डार्लाने सकाळी कॉफी पिताना विचारलं, डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायची ना? मी तिच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं की नवीन मॉडेल येतंय, बरंच चांगलं, तोवर थांबू या.

हे मी कुठेतरी वाचलंय. नसेल वाचलं, पण मॉडेल सगळ्याच गोष्टींची येत असतात.

ती थोडा वेळ माझ्या ओठांकडेच बघत राहिली, मी अजून काही बोलेन म्हणून. मग म्हणाली, “बरं. तुला यातलं जास्त कळतं.”

आज काही करावंसं वाटलं नाही. दुपारी गॅरेजमध्ये बसून सुऱ्यांना धार लावली. त्यांना धार होतीच.

१२ जून, मंगळवार

उन्हाळ्यात शाळेचा पगार नसतो. डार्लाने हायवेवरच्या मोटेलमध्ये खोल्या आवरायचं काम धरलंय, सकाळी सात ते एक. मी म्हटलं, गरज आहे का? म्हणाली, मॉडेल नवीन म्हणजे महागही असणार.

ठराव: पुढच्या बक्षिसाचा प्रत्येक डॉलर थेट कानांच्या खात्यात.

२३ जून, शनिवार

आज स्पर्धा नव्हती, अंगणात सराव करत होतो. आतून डार्लाचा आवाज आला. फोनवर जनेल होती, आमची मुलगी. तिचा नवरा ट्रॉय तिकडे टल्सामध्ये गोदामात सुपरवायझर. डार्ला ओरडून म्हणत होती, “अगं, किती छान! ट्रॉयला सांग, आम्हाला फार आनंद झाला!”

अर्ध्या तासाने जनेलचा फोन माझ्या मोबाइलवर. रडत होती. ट्रॉयची नोकरी गेली. आईला तेच सांगायला फोन केला होता. डार्लाला ‘ट्रॉय’ आणि ‘नोकरी’ एवढंच ऐकू आलं असणार, आणि तो बढतीची वाट बघत होता हे तिला माहीत होतंच. “बाबा, तिने माझं अभिनंदन केलं,” जनेल म्हणाली. “मी तीनदा सांगितलं आणि तिने तीनदा अभिनंदन केलं. ती मशीन घेणार होती ना? काय झालं त्याचं?”

म्हटलं, येतंय, येतंय.

ती म्हणाली, आईला आता काही सांगू नका, तिला कानकोंडं होईल. मशीन आलं की मीच सांगेन. मला हे फार समजूतदारपणाचं वाटलं. लगेच हो म्हणालो.

आत गेलो तर डार्ला केक करत होती. टपालाने टल्साला पाठवायचा. बढतीबद्दल.

मी केकबद्दल काही बोललो नाही. दोन्ही हात ब्रिस्केटच्या रसाने भरलेले होते.

२५ जून, सोमवार

केक पाठवला. टपालाचे एकोणीस डॉलर. मीच पोस्टात नेऊन दिला. खिडकीपाशी दोनदा परत फिरलो.

१५ जुलै, रविवार

बरगड्यांमध्ये तिसरा नंबर! चौतीस टीममध्ये तिसरा!

माइकवर नाव घेतलं तेव्हा मला वाटलं दुसरा कोणी ब्रॉकमायर असेल. हॉयटने ढकललं. स्टेजवर गेलो, एकशे पन्नास डॉलरचा चेक आणि लाकडी डुक्कर दिलं. गार्लंड स्वतः येऊन हात मिळवून म्हणाला, “बरगड्या जमल्या. कोंबडी अजून घाबरतेय.”

घरी आलो तर डार्ला अंगणातच होती. डुक्कर बघून तिने मला मिठी मारली, मोटेलच्या साबणाचा वास येत होता. डुक्कर फ्रिजवर ठेवलं, खाली लेसचा रुमाल अंथरून. तिच्या बहिणीला फोन करून ओरडून सांगितलं. मी जिंकलो त्याचा आनंद तिला माझ्यापेक्षा जास्त झाला. ते बघवत नव्हतं.

एकशे पन्नास थेट कानांच्या खात्यात टाकायचे होते. पण परतताना ट्रेलरचा टायर फुटला. दोन घेतले, जोडीने घेणं बरं असतं.

निष्कर्ष: आता मागे हटणं म्हणजे लावलेलं सगळं फुकट घालवणं.

१९ ऑगस्ट, रविवार

ही सहावी. चारचा ठराव मार्चमधला आहे, तेव्हा बरगड्यांचं माहीत नव्हतं.

एकोणतिसावे. बरगड्यांमध्ये बावीस. जज झोपेत होते.

जनेलने डार्लाला आठ आठवड्यांत फोन केलेला नाही. डार्ला म्हणते, नव्या पदाचं काम फार असेल बिचाऱ्यांना. मी मान डोलावतो. मान डोलावणं म्हणजे बोलणं नाही.

२० सप्टेंबर, गुरुवार

शनिवारची स्पर्धा आमच्याच गावात, जत्रेच्या मैदानावर. त्यांना जज कमी पडलेत. आज चर्चच्या हॉलमध्ये नव्या जजेसचा वर्ग होता आणि कोणी नाव नोंदवावं? डार्लाने. कँटीनमधल्या मैत्रिणीने आग्रह केला म्हणे. हातात सर्टिफिकेट घेऊन आली, पोरीसारखी खूश. “दर वेळी तू जातोस आणि मी घरी. आता मीही तिथेच असेन.”

मी आयोजकाला फोन केला. नवरा स्पर्धेत असताना बायको जज कशी चालेल? तो म्हणाला, “लायल, डब्यावर फक्त नंबर, आणि तोही आम्ही मध्येच बदलतो. कोणाचा डबा कुठल्या टेबलावर गेला ते देवालासुद्धा कळत नाही. आणि तुझी बायको साडेतीनशे जणांना जेवू घालते, मला असा जज कुठे मिळणार?”

ठीक आहे. या वेळी कोंबडीवर माझा स्वतःचा शोध. जर्दाळूचा जॅम आणि पांढरी मिरी. असं कोणीच करत नाही. गार्लंडचं लोणी, वर माझा जर्दाळू. डार्लाच्या समोर जिंकायचं.

२२ सप्टेंबर, शनिवार. रात्रीचं जेवण न करता

लिहायची इच्छा नाही. पण सगळं लिहायचं ठरवलंय.

अडतिसापैकी छत्तिसावे.

गाडीत डार्ला इतकी बोलली, इतकी बोलली. गेल्या दोन वर्षांत तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. सहा जज एका टेबलाभोवती. समोर डबा उघडतात, आधी नुसतं बघायचं, मग घास, मग कागदावर आकडे. “आणि लायल, तिथे बोलायला बंदी असते! सहा माणसं आणि कोणी चकार शब्द काढत नाही. किती दिवसांनी वाटलं रे, की माझं काही निसटत नाहीये. सगळे माझ्यासारखेच बसले होते.”

मी रस्त्याकडे बघत होतो.

मग म्हणाली, बरगड्या छान होत्या, खांदाही एक फार सुंदर होता. “पण एक कोंबडी आली, अरे देवा. वर जर्दाळूचा जॅम, खाली लोणी, आणि मध्ये कुठेतरी कोंबडी असेल असं वाटेपर्यंत घास संपला. आमच्या पोरांनी ताट परत केलं असतं. मी चवीला नऊपैकी पाच दिले. चार देणार होते, पण दया आली.”

पुढे म्हणाली, “त्या माणसाने कष्ट केवढे घेतले होते ते दिसत होतं. एकेक तंगडी अशी रचलेली. घरी कोणीतरी त्याला चाखून सांगायला हवं होतं.”

घरी कोणी चाखायचा प्रश्नच नव्हता. तिला मी कधी घास दिलाच नाही. सगळे मोजूनमापून डब्यात जातात, आणि उरलेले मी आणि हॉयट.

मग तिने विचारलं, “तुझी कशी झाली कोंबडी?” तोंड तिच्याकडे वळवून सांगितलं, बरी.

२४ सप्टेंबर, सोमवार

कामावर लक्ष नव्हतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर एका शेतकऱ्याला दोनदा चुकीचा पट्टा दिला. तो म्हणाला, “कान कुठे आहेत तुझे?”

स्मोकर विकायचा. ठरलं.

ठराव नाही. नुसतं ठरलं.

३० सप्टेंबर, रविवार

जाहिरात टाकली होती, ३,८०० ची. पहिला आला तो दार उघडून आत वाकून म्हणाला, वास मुरलाय. स्मोकरमध्ये धुराचा वास! दुसरा आलाच नाही. तिसरं एक तरुण जोडपं होतं, या वर्षीच स्पर्धांना सुरुवात करणार. मुलीने विचारलं, “काका, या छंदाला साधारण खर्च किती येतो?” मुलगा माझ्याकडे असा बघत होता की मला त्याची नजर कळली. मी म्हटलं, फार नाही.

एकोणीसशेला दिला.

डार्ला खिडकीतून बघत होती. आत आल्यावर म्हणाली, हॉयटचा स्मोकर ते घेऊन चाललेत ते हॉयटला माहितीय ना?

९ ऑक्टोबर, मंगळवार

एकोणीसशे आणि खात्यात उरलेले चारशे. एका कानाचं मशीन झालं. डार्लाला म्हटलं, नवीन मॉडेल एकेकच मिळतंय सध्या. मला वाटतं हे माझं शेवटचं खोटं असेल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कुठला कान? डार्लाने विचारसुद्धा केला नाही. म्हणाली, “डावा. गाडी हा चालवतो, मी उजवीकडे बसते. डावा कान याच्या बाजूला असतो.”

मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

परत येताना वळणावर तिने दचकून विचारलं, ही टिकटिक कसली? म्हटलं, वळायचा दिवा लावलाय त्याची. “ही नेहमीचीच आहे?” नेहमीचीच. मग ती प्रत्येक वळणाला हसायची. कागदाची पिशवी चुरगाळून बघितली. काच खाली करून वारा ऐकला. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी नेली, वळणं जास्त आहेत म्हणून.

इतका चांगला दिवस या वर्षात झाला नाही. आता सगळं सुरळीत होईल.

तोच दिवस, संध्याकाळी ७

घरी येताच तिने जनेलला फोन लावला. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. आधी दोघी हसत होत्या. मग डार्लाचा आवाज आला, “जूनमध्ये? आणि मी केक पाठवला?”

ती बाहेर आली. माझ्या शेजारी बसली, मी तिच्या डावीकडे येईन अशी.

“जनेल म्हणते तुला तेव्हाच माहीत होतं.”

म्हटलं, जनेलच म्हणाली होती की आईला सांगू नका.

“ती लेकरू आहे, तिला माझी लाज राखायची होती. तू का नाही सांगितलंस? साडेतीन महिने मी त्या पोरीवर रुसले होते, लायल. तिच्या घरात पगार नव्हता आणि मी म्हणत होते हिला बढतीने गर्व आलाय.”

मी काहीतरी बोललो. फार हळू बोललो असेन. पण तिला ऐकू आलं, कारण ती म्हणाली, “हे उत्तर नाही.”

११ ऑक्टोबर, गुरुवार

ती बँकेत जाऊन आली. जनेलला थोडे पैसे पाठवायला गेली होती. काउंटरवरच्या मुलीने खात्याचा कागद काढून दिला.

कागद टेबलावर ठेवला, माझ्याकडे वळवला. मार्चमध्ये एकदम अडतीसशे. मेमध्ये साडेसातशे. बाकी बारीकसारीक. तिच्या साठ-साठच्या ओळी मध्ये मध्ये. जूनच्या मोटेलच्या पगारापासून पंचाहत्तरच्या. मला ते कधी दिसलंच नव्हतं, की तिने रक्कम वाढवली होती.

“अडतीसशे मला न विचारता?”

म्हटलं, सांगितलं होतं. दारातून. तू भांडी घासत होतीस.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, “समोर येऊन विचारलं असतंस तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. कधी नाही म्हटलंय तुझ्या कुठल्या गोष्टीला? पण एखाद वेळेस नाही म्हटलंही असतं. ते तरी मला म्हणता आलं असतं ना.”

जेवण झालं नाही. ती बहिणीकडे जाऊन आली. मी कागद दोनदा वाचला.

१३ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी

आज तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. खुर्ची ओढून म्हणाली, “इथे बस. आता सगळं सांग. मला ऐकू येतंय.”

ठरवलं, काही हातचं राखायचं नाही. सगळं सांगितलं. क्रेडिट कार्डावरच्या उधारीची रक्कम सांगितली, जी बँकेच्या कागदावर नव्हती. नवीन मॉडेलचं सांगितलं. स्मोकर कोणाचा होता ते सांगितलं. म्हणाली, हॉयटच्या बायकोने एप्रिलमध्येच सांगितलं होतं. जर्दाळूची कोंबडी माझी होती हेही सांगितलं. तिने डोळे मिटले आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पण तिच्या हातावर ठेवलेला माझा हात बाजूला सारला नाही.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. वर्षभराचं ओझं उतरलं. आणि ती ऐकत होती, मान हलवत होती, तेव्हा म्हटलं हिला पूर्ण चित्र कळायला हवं. म्हणून एप्रिलच्या वाऱ्याचं सांगितलं. शेजारच्या तंबूच्या सावलीचं सांगितलं. गार्लंडच्या लोण्याने नेमका कुठे घात केला ते सांगितलं, कातडी आणि मांस यांच्यामधला थर फार पातळ असतो. बरगड्यांचा तिसरा नंबर नशिबाने आला नव्हता, ते आकडे मांडून दाखवलं. मग सांगितलं की हॉयटचा जुना पिंप-स्मोकर आहे, फुकट पडलाय, दार तेवढं बदलायचं, म्हणजे पुढच्या वर्षी अगदी थोडक्यात, जास्तीत जास्त दोन स्पर्धा, आणि दुसऱ्या कानाचे पैसे तर बक्षिसातूनच...

डार्लाने कानातून मशीन काढलं. कापसाने पुसलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि बटाटे सोलायला घेतले.

मी आणखी बराच वेळ बोलत होतो.